सशाचे बाळसे

दया ही सद्गुणांतील वडीलधारी मानली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु वडीलधाऱ्या माणसाला जो दोष सहज जडतो, तो दयेलाही जडतो. आपण करतो ते समोरच्याच्या हिताचेच असणार, असे ती गृहीत धरते आणि विचारायचे विसरते. भुकेल्याच्या मुखी घास घालणे हे पुण्य खरे. तथापि तो घास ज्या हातून जायला हवा होता, तो हात आपण आडवा आलो म्हणून रिकामा राहिला, तर त्या पुण्यात कोणाचा तरी वाटा बुडालेला असतो. सत्यभामाबाईंना ही गोष्ट साठीच्या उंबरठ्यावर कळली. जिने ती कळवली, तिला वाणी नव्हती.

सेनगावचा डांबरी रस्ता सोडून जीप जिथे गावाकडे वळते, तिथे डाव्या हाताला वनखात्याचे रान लागते. सागाची विरळ झाडे, मधूनमधून पळस, खाली तरवड आणि बोराटीची झुडपे, आणि पावसाळा सरला की गुडघाभर वाढून पिवळे पडू लागणारे गवत. त्या रानाच्या काठाने गावातील मेंढ्या-शेळ्या चरत असत आणि त्यांत सत्यभामाबाईंचाही कळप असे. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती. कळप आता मुलगा, परमेश्वर, पाहत असे. परंतु कळपाची कीर्ती आईच्या नावावर होती. ज्याची मेंढी विताना दगावली, ज्याच्या शेळीने पहिलटकरणीच्या बावरेपणाने करडाला लाथाडले, तो ते अनाथ पिल्लू घेऊन सत्यभामाबाईंच्या दारी येई. त्या पिल्लाला मांडीवर आडवे घेत, बाटलीचे रबरी बोंड त्याच्या तोंडात देत, आणि दुसऱ्या हाताने त्याचे पोट चाचपत राहत. पोट हाताला भरले की थांबत. महिन्याभरात ते पोर उड्या मारत परत जाई. भामाबाईच्या हाताखाली वाळल्या काठीलाही पालवी फुटते, असे लोक म्हणत. आणि सत्यभामाबाई ते ऐकून 'देवाचं देणं हाय' एवढेच म्हणत, पण पुन्हा ऐकायला त्यांना आवडे.

त्यांची सून सीमा सेनगावात एका औषधांच्या दुकानात कामाला जाई. सकाळच्या जीपने जाई, दिवे लागण्याच्या सुमारास परत येई. तिची लेक सृष्टी अजून वर्षाचीही नव्हती. दिवसभर ती आजीपाशी असे. संध्याकाळी जीप यायच्या आधी सत्यभामाबाई तिला शेळीच्या दुधाची बाटली पाजून तृप्त करून ठेवीत. लेकराला ताटकळत कशाला ठेवायचे, हे त्यांचे म्हणणे. सीमा येई, हातपाय धुई, लेक उराशी घेई. लेक दोन घोट घेऊन मान फिरवी. 'पोट भरलंय तिचं,' असे सत्यभामाबाई चुलीपाशी बसूनच सांगत. त्या स्वरात समाधान असे. त्या समाधानाच्या तळाशी आणखी काहीतरी असे. त्याकडे मात्र त्या कधी वाकून पाहत नसत.

सोयाबीन निघून गेल्यानंतरचे दिवस होते. परमेश्वर दोन बोकड घेऊन शेजारच्या शकीलभाईंबरोबर जवळा बाजार गावच्या आठवडी बाजाराला गेला होता, सीमाला सुट्टी होती, म्हणून त्या दिवशी कळपामागे सत्यभामाबाई स्वतः गेल्या. दुपारी एका तरवडाच्या बुडाशी, गवताच्या झुपक्यात, त्यांना सशाची दोन पिल्ले दिसली. अंगावर पूर्ण लव, डोळे उघडे, कान पाठीला चिकटवलेले. त्या अगदी वाकल्या तरी ती हलली नाहीत. मुठीत मावतील एवढे जीव, दगडासारखे स्थिर.

सत्यभामाबाईंनी घाई केली नाही. तसा आरोप त्यांच्यावर कोणी करू नये. त्या पळसाच्या सावलीत बसल्या आणि आईची वाट पाहू लागल्या. मेंढीपासून कोकरू दूर झाले तर मेंढी कशी करते, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होते. ती ओरडते, फेऱ्या मारते, कळप सोडून मागे धावते. इथे कोणी ओरडले नाही, कोणी फिरकले नाही. पिल्लांनीही हाक मारली नाही. ऊन कलले, कळप पुढे सरकला, आणि सत्यभामाबाईंनी मेंढीच्या मापाने सशीण मोजली. ही टाकलेली लेकरे आहेत, असे त्यांनी ठरवले, आणि दोघांना पदरात घेतले.

घरी टोपलीत गोणपाट अंथरले गेले. बाटलीचे बोंड त्या तोंडांना मोठे होते, तेव्हा त्यांनी कापसाची वात केली, शेळीच्या कोमट दुधात भिजवली आणि ओठांशी धरली. पिल्ले चोखू लागली. मग ती वात थांबली नाही. कोकराला द्यावे तसे, थोड्या थोड्या वेळाने, दिवसभर. दुसऱ्या दिवशी पोटे गोल झाली, तिसऱ्या दिवशी ती टम्म दिसू लागली, आणि सत्यभामाबाईंनी ओसरीवर जमलेल्या बायकांना एकेक पिल्लू तळहातावर धरून दाखवले. रानचे पोर, पण हाताला लागताच बाळसे धरले, असे त्या म्हणाल्या. बायकांनी बोटाने ती पोटे दाबून पाहिली. कोणीतरी मोबाइलवर छायाचित्र काढले. बाळसे हा शब्द त्या दिवशी त्या ओसरीवर अनेकदा उच्चारला गेला, आणि प्रत्येक वेळी सत्यभामाबाईंचा चेहरा उजळला.

शेजारची मदीनाबी, शकीलभाईंची पत्नी, चहाची कपबशी घेऊन उंबऱ्यावर बसली होती. या दोघींची मैत्री चाळीस वर्षांची; एकमेकींना टोचल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

"शेळ्या झाल्या, मेंढ्या झाल्या, आता सशे," मदीनाबी म्हणाली. "उद्या कोल्ह्याचं पोरगं आणशील. मंग माझ्या कोंबड्या काय तू सांभाळणार?"

"तुझ्या कोंबड्यांना कोल्हा बी तोंड लावायचा न्हाई. हाडंच हायती निसती."

"पन यांची माय कुठं गेली गं?"

"कसली माय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "माय असती तर लेकरापाशी बसली असती. टाकून गेली. जिला आपल्या पायाची हौस, तिला लेकराची माया कुठनं येणार?"

नेमकी त्याच वेळी सीमा जीपमधून उतरून अंगणात आली होती. तिच्या खांद्यावर पिशवी होती. ती क्षणभर थबकली, मग काहीच ऐकले नसल्यासारखी पाय धुवायला गेली. मदीनाबीने चहाचा घोट घेतला आणि मैत्रिणीकडे पाहिले. सत्यभामाबाईंनी ते पाहणे पाहिले नाही. त्या वात दुधात बुडवत होत्या.

एक पिल्लू दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. ते गोणपाटावर आडवे पडले होते. पोट अजूनही गोल होते, आणि पाय मात्र काडीसारखे. सत्यभामाबाईंनी ते उचलले तेव्हा त्यांच्या बोटांना, ज्या बोटांनी शेकडो पोटे चाचपली होती, पहिल्यांदा खरे ते कळले. ते पोट भरलेले नव्हते, फुगलेले होते. ते बाळसे नव्हते. त्यांनी ज्याला वाढ म्हणून गावाला दाखवले, ते त्या जिवाचे दुखणे होते, आणि बायकांची बोटे त्या दुखण्यावर फिरवली गेली होती. त्यांनी परसात बोरीच्या बुडाशी खड्डा केला. कोणाला सांगितले नाही. दुसरे पिल्लू त्यांनी हातात घेऊन तोलले. आणले त्या दिवसापेक्षा ते हलके होते.

मदीनाबीपासून मात्र काही लपत नसे. तिने टोपलीत डोकावले, एकच पिल्लू पाहिले, आणि या वेळी टोचले नाही. ती हळूच म्हणाली, "भामा, तू वाढून राहिली, पन ते काही वाढून न्हाई राहिलं."

सत्यभामाबाईंनी आयुष्यभर दोन्ही अर्थांनी हा शब्द वापरला होता. पानात वाढणे आणि अंगाने वाढणे. त्यांच्या मते एकाच्या पोटातून दुसरे येत असे. ते दोन अर्थ वेगळे असू शकतात, हे त्यांच्या मनात कधी आले नव्हते.

आजारी कोकराला त्याच्या ओळखीच्या गवतावर नेले की कधीकधी ते तोंड लावते. हाच एक उपाय त्यांना सुचला. संध्याकाळ व्हायला आली तशी त्यांनी सृष्टीला रोजच्यासारखी बाटली पाजली, तिला मदीनाबीच्या कडेवर दिले आणि पिल्लू पदरात घेऊन त्या रानाच्या काठी गेल्या. तरवडापासून थोड्या अंतरावर, पळसाला पाठ लावून बसल्या. कोवळे गवत खुडून पिल्लाच्या तोंडापाशी धरले. पिल्लाने त्याचा वास घेतला, खाल्ले नाही.

सूर्य बुडाला. जमिनीचा आणि गवताचा रंग एक झाला. तेव्हा रानाच्या आतून एक सशीण आली.

ती सरळ आली नाही. थोडी आली, थांबली, कान उभे करून ऐकले. वाकडी गेली, पुन्हा थांबली. मग एक लांब उडी घेऊन तरवडाच्या बुडाशी, त्याच झुपक्यापाशी उतरली. तिने गवतात तोंड घातले. बाहेर काढले. झुपक्याभोवती फिरली आणि पुन्हा तोंड घातले. गवत दबलेले होते, दोन जीव बसण्याइतके, आणि ती त्या दबलेल्या जागेवर जाऊन उभी राहिली. पोट किंचित वर, पाय फाकलेले, जसे पाजणारी आई उभी राहते. खाली कोणी नव्हते. ती तशीच उभी होती.

सत्यभामाबाईंच्या पदरात पिल्लू होते. त्या हलल्या असत्या तर ती पळाली असती. न हलल्याने तिला काही मिळत नव्हते. त्यांच्या आयुष्यात इतका लाजिरवाणा क्षण पूर्वी आला नव्हता. पळवलेली वस्तू पदरात घेऊन माणूस धन्यासमोर बसावा, आणि धन्याने त्याच्याकडे पाहूही नये, तसे झाले होते.

ती रोज येत होती. त्यांना हे कोणी सांगावे लागले नाही. तिच्या पायांना जागा पाठ होती, त्यावरूनच ते दिसत होते. ती दिवसभर दूर राहत होती, कारण ती जवळ बसली असती तर तिच्या वासावर कोल्हा आला असता, मुंगूस आले असते. पिल्लांना आपला असा वास नव्हता, आवाज नव्हता, हालचाल नव्हती. हेच त्यांचे कवच होते, आणि तिचे दूर असणे हा त्या कवचाचाच भाग होता. सांजेला एकदा यायचे, दिवसभर पुरेल असे दाट दूध पाजायचे आणि निघून जायचे. उरलेला वेळ त्या मुठीएवढ्या जिवांनी निश्चल राहून ते दूध अंगी लावायचे. रानातील लहान जिवाची वाढ अशी होत असते. त्याला कोवळे गवत लागते, दाट दूध लागते. पण त्याहून अधिक त्याला निर्भय एकांत लागतो. त्या एकांताला सत्यभामाबाईंनी टाकणे म्हटले होते, आणि आईच्या नावावर दोष लावला होता.

सशीण गेली. तिच्या जाण्यालाही आवाज नव्हता.

सत्यभामाबाई उठल्या. मदीनाबी एकदा म्हणाली होती, माणसाचा वास लागला की रानातली आई जवळ घेत नाही. ते खरे की खोटे, त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी तरवडाखालची माती तळहातांना चोळली, गवत कुस्करून पिल्लाच्या अंगावरून फिरवले आणि त्याला त्या दबलेल्या जागी ठेवले. पिल्लाने कान पाठीला लावले आणि ते दगडासारखे झाले. त्या क्षणी तरी ते घरच्यापेक्षा अधिक जिवंत दिसले. आता इथे बसून राहणे म्हणजे पुन्हा आडवे येणे, हे ओळखून त्या मागे न पाहता चालू लागल्या.

घरी पोहोचल्या तेव्हा सीमा आलेली होती. सृष्टी मदीनाबीकडून आणून पाळण्यात ठेवलेली होती आणि तृप्त झोपली होती. सीमा दिसेना. सत्यभामाबाई हात धुवायला परसात गेल्या, आणि बोरीच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून बसलेली सून त्यांना दिसली. ती वाटीत दूध पिळत होती. दुखत असावे, ती श्वास रोखून धरत होती. वाटी भरली तेव्हा तिने ती बोरीच्या मुळाशी ओतली. नेमकी तिथेच पहाटे माती उकरली गेली होती.

सत्यभामाबाईंना हे ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. त्यांनी दोन लेकरे पाजली होती. ओल्या चोळीचा डाग त्यांनी सुनेच्या अंगावर कित्येकदा पाहिला होता. त्यांनी त्याचा अर्थ लावला नव्हता, एवढेच. आणि अर्थ न लावणे हे कधीकधी करणेच असते.

त्या भिंतीपाशी जाऊन बसल्या. सीमाने पदर सावरला. सत्यभामाबाई म्हणाल्या की पिल्लू जागेवर ठेवून आले. पुढचे शब्द त्यांना जड गेले, कारण त्यांनी आजवर सुनेपुढे मान खाली घातली नव्हती.

"त्या दिशी मी म्हनले, टाकून गेली," त्या म्हणाल्या. "टाकून न्हवती गेली, सीमा. ती येत व्हती."

सीमा रिकाम्या वाटीकडे पाहत होती.

"येते, आत्याबाई," ती म्हणाली. "रोज येते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर सोसणे सोपे गेले असते. सत्यभामाबाईंनी सुनेच्या हातातून वाटी घेतली, हौदावर नेऊन विसळली आणि पालथी घातली. ही त्यांची क्षमायाचना होती. सीमाला ती कळली की नाही, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला उरला नाही, असे त्यांना वाटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बाटली भरली नाही. सृष्टी रडू लागली. मदीनाबीने भिंतीवरून विचारले, पोरगी काहून रडून राहिली, दूध संपलं काय. सत्यभामाबाई म्हणाल्या, भूक लागलीय तिला, लागू दे जरा. मदीनाबी भिंतीपलीकडून म्हणाली, "इतक्या वर्षांत पयल्यांदा तुझ्या तोंडातून हे ऐकून राहिले," आणि हसली नाही.

रडणारे लेकरू कडेवर घेऊन सत्यभामाबाई जीप वळते त्या फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगातील प्रत्येक सवय त्या रडण्याने कासावीस होत होती. लोक जाता-येता पाहत होते. ज्यांच्या घरी लेकरू कधी रडत नसे, त्या भामाबाई भुकेले लेकरू घेऊन रस्त्यावर उभ्या. एकीने थांबून तसे बोलूनही दाखवले. त्या ऐकून राहिल्या. ही लाज त्यांनी टाळली नाही. ती आपल्याच वाट्याची आहे, हे त्यांना मान्य होते.

जीप आली. सीमा उतरली, आणि लेक तिच्याकडे झेपावली. रस्त्याकडेला दगडावर बसून, पदराआड घेऊन, सीमाने तिला पाजले. लेकीने या वेळी मान फिरवली नाही. सीमाने डोळे मिटले. तिच्या खांद्यांवरचा दिवसभराचा ताण हळूहळू उतरताना दिसला.

सत्यभामाबाई तिकडे पाहत राहिल्या नाहीत. त्यांनी तोंड रानाकडे वळवले. उजेड अजून थोडा होता. दूर, तरवडाच्या झुडपापाशी, गवताच्या वर दोन कान उभे दिसले. ते कान थोडा वेळ वाऱ्याकडे वळले, मग झुकले आणि गवतात दिसेनासे झाले. पुन्हा वर आले नाहीत. ती तिथेच थांबली होती, एवढे खरे. पिल्लू तिथे होते का, रात्री कोल्ह्याने त्याला जिवंत ठेवले होते का, आईने माणसाचा वास सोसला का, हे जाऊन पाहता आले असते. अंतर फार नव्हते. सत्यभामाबाईंचा पाय उचललाही गेला. मग त्यांनी तो खाली टेकवला आणि दोघी मायलेकींकडे आणि त्या गवताकडे, दोन्हींकडे पाठ करून त्या रस्त्याकडे पाहत उभ्या राहिल्या, जेणेकरून कोणी येणारा-जाणारा तिथे रेंगाळू नये.

बोरीखाली जे निजले आहे, त्याला माती मऊ असो. ज्या आईला दिवसभर दूर राहावे लागते, तिची सांज सुखरूप येवो, आणि तिची वाट पाहत जे निश्चल बसले आहे, त्याच्या गवताला कोणाचा पाय न लागो. ज्यांच्या हाताला गुण आहे, त्यांना तो हात वेळेवर आवरण्याचाही गुण लाभो.